मंडळीच्या तोंडचा विश्वास



विश्वासांगीकारावर बोलायला अमळनेरइतकं योग्य गाव खानदेशात दुसरं नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, आणि सत् म्हणजे काय या एका प्रश्नापायी इथं विद्वानांनी आयुष्यं वेचली. इसवी सन ३२५मध्ये निकियाला जमलेल्या बिशपांपुढेही तसाच प्रश्न होता. पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा, की पित्याने निर्माण केलेला? उत्तर देताना त्यांनी पवित्र शास्त्रात नसलेली, तत्त्वज्ञांच्या वापरातली संज्ञा घेतली आणि पुढं दोन पिढ्या त्यावरून वाद पेटत राहिला. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं तो बराचसा निवळला. निकियाचा म्हणून आज आपण जो विश्वासांगीकार म्हणतो, त्याचा घाट याच दुसऱ्या परिषदेचा मानला जातो. २०२५मध्ये निकियाला १७०० वर्षं झाली, म्हणून जगभर परिषदा भरल्या. मला मात्र आपल्या रविवारच्या उपासनेबद्दल बोलायचं आहे.

त्यासाठी हरलेल्या पक्षाकडे आधी पाहू. एरियस हा अलेक्झांड्रियाचा वडील, पुत्र निर्मिलेला आहे असं शिकवणारा. त्यानं आपली शिकवण गाण्यांत घातली. खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्यानं गीतं रचली, असं फिलॉस्टॉर्जियस हा जुना इतिहासकार लिहितो. याचं बळ किती, हे खानदेशी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरकाम आणि शेतकाम करताना जुळल्या, तोंडी राहिल्या, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या जपल्या म्हणून आपल्या हाती आल्या. दळताना जे तोंडी बसतं, ते उपदेशाच्या तासाभरात पुसलं जात नाही. एरियसला हे नेमकं ठाऊक होतं.

आज आपल्या मंडळ्यांत शिकवण कुठून येते? मोबाइलवरच्या गीतांतून. त्यांतली पुष्कळ गोड आहेत, मनापासून लिहिलेली आहेत, मीही ती गातो. पण ओळीनं दहा गीतं ऐका. आशीर्वाद, विजय, आजारातून सुटका, अडलेलं काम होणं, हेच फिरून फिरून येतं. पापांची क्षमा क्वचित येते, देहाचं पुनरुत्थान जवळजवळ नाहीच, आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय तर कुणी गातच नाही. कापूस गेला, कर्ज फिटलं नाही, आजारी लेकरू वाचलं नाही, अशा घरात या गीतांनी काय करायचं? त्या घराला प्रभू दुःख सोसून मेला आणि पुरला गेला, हेही ठाऊक असायला हवं. विश्वासांगीकार ते दर रविवारी सांगतो. रोमी सुभेदार पिलाताचं नाव घेऊन सांगतो, म्हणजे आपला विश्वास एका काळाला आणि एका मुलखाला बांधून ठेवतो.

खानदेशात हा अंगीकार पुष्कळ ठिकाणी म्हटला जात नाही, आणि त्यामागे प्रामाणिक कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं आलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांना छापील उपासनेपेक्षा मोकळी प्रार्थना जवळची होती. शास्त्र पुरे, ही त्यांची भूमिका. त्यांनी नवापूर भागात केलेल्या कामाचं ऋण आपण विसरू शकत नाही. पण मोकळ्या उपासनेत सगळी सूत्रं व्यासपीठावरच्या माणसाच्या हाती जातात. पाळक बदलला की मंडळीचा विश्वासही बदलतो. मागच्या बाकावरच्या आजीला नव्या उपदेशकाचं बोलणं ताडून पाहायला काहीतरी पाठ हवं की नको?

ब्रदरन मिशनचं काम आपल्या शेजारीच, डांगात आहव्याला होतं. नव्या कराराखेरीज दुसरा मतांगीकार नको, अशी त्यांची जुनी शिकवण. तरीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा तिच्यात ब्रदरनही होते, आणि या एकत्र मंडळीनं प्रेषितांचा व निकियाचा असे दोन्ही अंगीकार स्वीकारले. बाळाचा बाप्तिस्मा की प्रौढाचा, यावर एकमत झालं नाही, दोन्ही रीती ठेवल्या. अंगीकारावर मात्र सगळे एकत्र उभे राहू शकले.

सगळ्यात जड आक्षेप आपल्याच घरातून आलेला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढं तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर अडल्या, अथनेशियसच्या नावानं चालणाऱ्या अंगीकाराला बांधून घ्यायला तयार झाल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. त्यांचा हा बाणा मला शिरोधार्य वाटतो. न मानणाऱ्याला सर्वनाशाची भीती घालणारा तो अंगीकार आपल्या उपासनेत नसावा, असंच माझंही मत आहे. प्रेषितांच्या अंगीकारात तशी धमकी नाही. शंका असलेल्या माणसानंही मंडळीबरोबर उभं राहून तो म्हणावा. ज्या आठवड्यात त्याचा आवाज बसेल, त्या आठवड्यात शेजारचे म्हणतील.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. प्रेषितांच्या अंगीकारात प्रभूच्या जन्मावरून आपण थेट पिलातापाशी येतो. डोंगरावरचं प्रवचन, कुष्ठरोग्याला लावलेला हात, जकातदारांच्या पंगती, सगळं मध्येच राहून जातं. इथं आपली मराठी परंपरा कामाला येते. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, नारायण वामन टिळकांनी अभंग दिले आणि ख्रिस्तायन हाती घेतलं. अंगीकार म्हणून झाल्यावर एक अभंग व्हावा, टाळ-मृदंगासह व्हावा, आणि तो प्रभूच्या चालण्याबोलण्याचा असावा.

माझी सूचना बाप्तिस्म्यापासून सुरू होते. चौथ्या शतकातल्या रोमचा नामवंत वक्ता व्हिक्टोरिनस म्हातारपणी ख्रिस्ती झाला. शहराच्या चौकात त्याचा पुतळा होता. लाजणाऱ्यांना अंगीकार खाजगीत म्हणू देत, तशी सवलत वडिलांनी त्यालाही देऊ केली. त्यानं ती नाकारली आणि सगळ्यांसमोर उंचावर उभं राहून पाठ म्हटला. तो चढला तेव्हा लोक त्याचं नाव कुजबुजत होते, असं ऑगस्टीननं लिहून ठेवलं आहे. आपणही बाप्तिस्मा घेणाऱ्याला कागद न देता अंगीकार आधी काही आठवडे तोंडी शिकवावा, मावची, पावरी, अहिराणी, ज्याच्या घरी जी बोली असेल तिच्यात शिकवावा, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी तो त्यानं मंडळीपुढे एकट्यानं म्हणावा. या बोलींतले पाठ तयार करण्याचं काम या परिषदेनं आजच्या दुपारच्या बैठकीत पाळकांकडे आणि लेखकांकडे मिळून सोपवावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे. आणि पहिला मसुदा तपासायला न वाचता येणाऱ्या आजींना बोलवावं.