खासदार कोणाचा? : संसदेची रचना आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

(वेलचेरी, चेन्नई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संसदेविषयीचे व्याख्यान सामान्यतः घटनेच्या ७९ व्या अनुच्छेदापासून सुरू होते. आज मात्र मी आपण जिथे जमलो आहोत त्या जागेपासून सुरुवात करणार आहे. डिसेंबर २०१५ मधील अतिवृष्टीत वेलचेरीतील असंख्य घरांत पाणी शिरले. जवळच पल्लीकरणैची विस्तीर्ण पाणथळ भूमी आहे. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी साठवून ते पुढे वाहून नेणे, हे या भूमीचे नैसर्गिक कार्य होय. शहर वाढत गेले, तसतशी ही भूमी आक्रसत गेली आणि पाण्याने वस्तीत वाट शोधली. त्या वेळी येथील पूरग्रस्त नागरिकाला नगरसेवक होता, आमदार होता आणि दक्षिण चेन्नई मतदारसंघाचा खासदारही होता. यांपैकी खासदाराकडे त्याने नेमके काय मागावे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना संसदेची संपूर्ण रचना आपल्यासमोर उलगडत जाते.

दोन सभागृहे, दोन आधार

राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा यांची मिळून संसद बनते. लोकसभेच्या ५४३ जागांसाठी जनता थेट मतदान करते. आंग्ल-भारतीय समाजाच्या दोन नामनिर्देशित जागांची तरतूद १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर, जानेवारी २०२० पासून संपुष्टात आली. राज्यसभेत २३३ निर्वाचित व १२ नामनिर्देशित असे २४५ सदस्य असतात. निर्वाचित सदस्यांना राज्यांच्या विधानसभांचे आमदार निवडून देतात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. आपल्याकडे मात्र राज्यसभेतही जागावाटपाचा आधार मुख्यतः लोकसंख्या हाच आहे. त्यामुळे महाराष्ट्राला १९ आणि तामिळनाडूला १८ जागा मिळाल्या आहेत.

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८, तामिळनाडूचे ३९ आणि उत्तर प्रदेशाचे ८० सदस्य आहेत. २०११ च्या जनगणनेच्या आधारे हिशेब केल्यास एका खासदारामागे तामिळनाडूत सुमारे १८.५ लाख, महाराष्ट्रात २३.४ लाख आणि उत्तर प्रदेशात २५ लाख लोकसंख्या येते. या तफावतीचे मूळ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत आहे. कुटुंबनियोजनात यश मिळवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, म्हणून जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्यात आले. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्यांतर्गत सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखण्यात आल्या आणि त्या फेररचनेतूनच २००८ मध्ये वेलचेरी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ अस्तित्वात आला. प्रत्येक मताचे मूल्य समान असावे, हे एक तत्त्व आहे. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्याला त्याची शिक्षा होऊ नये, हेही तितकेच न्याय्य तत्त्व आहे. या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही, हे परीक्षार्थींनी आकडे पाठ करतानाच ध्यानात घ्यावे.

शपथेत मतदारसंघ नाही

खासदार निवडून येतो एका भूभागातून, पण घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार तो जी शपथ घेतो तिच्यात मतदारसंघाचा उल्लेखच नाही. संविधानाप्रती निष्ठा, देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता आणि कर्तव्याचे निष्ठेने पालन, एवढाच तिचा आशय आहे. लोकसभेच्या उमेदवाराने आपल्या मतदारसंघाचा रहिवासी असले पाहिजे, अशीही अट कायद्यात नाही. देशातील कोणत्याही संसदीय मतदारसंघाचा तो मतदार असला की पुरते. म्हणूनच पुण्याचे मधु लिमये बिहारमधील मुंगेर व बांका येथून लोकसभेत गेले, तर आंध्रचे पी. व्ही. नरसिंह राव १९८४ व १९८९ मध्ये आपल्या रामटेकमधून निवडून आले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर मराठी कुटुंबातील असूनही अहमदाबादचे प्रतिनिधी होते. दक्षिण मद्रासमधून १९५७ मध्ये निवडून आलेल्या टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्याच वर्षी अर्थमंत्री म्हणून संपत्ती कर आणला. तो केवळ मद्रासकरांसाठी नव्हता, संपूर्ण देशासाठी होता.

याचा अर्थ खासदाराने मतदारसंघाकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. मतदारसंघातील अनुभव त्याने सभागृहात आणावा आणि निर्णय मात्र देशाचे हित पाहून करावा, अशी ही अपेक्षा आहे.

दोन ओढी

व्यवहारात या अपेक्षेला दोन बाजूंनी ताण पडतो. पहिली ओढ पक्षाची. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. घाऊक पक्षांतरे रोखण्यासाठी तिची गरज होती, हे नाकारता येत नाही. परंतु पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते, ही तरतूद सर्वच विधेयकांना लागू होत असल्याने मतदारसंघाचे म्हणणे वेगळे असले तरी खासदाराचा हात पक्षाच्या इशाऱ्यानेच वर होतो.

दुसरी ओढ स्थानिक कामांची. १९९३ मध्ये खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपयांची तरतूद झाली. खासदार काम सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ते करून घेते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही योजना वैध ठरवली. आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून साधा भागाकार करू या. तामिळनाडूतील सरासरी १८.५ लाख लोकांमध्ये ५ कोटी वाटले, तर माणशी वर्षाला सुमारे २७ रुपये येतात. एवढ्या रकमेत बसथांबा किंवा शाळेची खोली होईल. शहराचा पूर हटणार नाही. खासदाराचे मोल या रकमेवरून ठरवणे म्हणजे लाखो कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पावरील त्याचा अधिकार विसरणे होय.

वेलचेरीचे पाणी संसदेत

सांडपाणी व पाण्याचा निचरा हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, १७ व्या नोंदीत येतात. स्थानिक स्वराज्य संस्था हा विषयही राज्याचाच. तेव्हा तुंबलेल्या गटाराचा जाब महापालिकेला आणि राज्य शासनालाच विचारला पाहिजे. परंतु हवामान खाते केंद्राचे आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये संसदेने केला. पाणथळ भूमींच्या संरक्षणाचे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकार करते. येथे खासदाराचा अधिकार सुरू होतो.

तो वापरण्याची साधने अनेक आहेत. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात हा तास वगळण्यात आला, तेव्हा त्याचे महत्त्व अनेकांना नव्याने जाणवले. लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या विभागसंलग्न स्थायी समित्यांची संख्या २००४ मध्ये १७ वरून २४ झाली. प्रत्येक समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात आणि तिथे पक्षादेश चालत नाही. त्यामुळे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य तिथे कागदपत्रे समोर ठेवून एकत्र काम करू शकतात.

चेन्नईच्या पुराबाबत नेमके हेच घडले. गृह मंत्रालयाशी संलग्न स्थायी समितीने या आपत्तीवर आपला १९८ वा अहवाल ऑगस्ट २०१६ मध्ये सादर केला आणि तलाव व नदीपात्रांवरील अतिक्रमणांवर बोट ठेवले. वेलचेरीच्या तळमजल्यावरचे पाणी अशा रीतीने राष्ट्रीय विधिमंडळाच्या पटलावर पोहोचले. अर्थात, समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. २०२२ मध्ये पल्लीकरणै रामसर यादीत समाविष्ट झाली; तरीही डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात वेलचेरी पुन्हा जलमय झाली. अहवाल लिहिला गेला म्हणून काम पूर्ण होत नाही. त्याचा पाठपुरावा करणारा खासदार लागतो आणि खासदाराला त्याची आठवण करून देणारा मतदारही लागतो.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील आणि संसदीय प्रश्नांची उत्तरे तयार करतील. त्या प्रश्नामागे कुठल्या तरी वस्तीत शिरलेले पाणी आहे, याची जाणीव त्या वेळी ठेवावी. बाकीचे सर्वजण मतदार राहतील. त्यांनी खासदाराला ‘आमच्यासाठी काय बांधले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आमच्या वतीने काय विचारले, कोणत्या समितीत बसलात, मत कोणत्या बाजूने दिले?’ हेही विचारावे. खासदार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर घटनेने ‘देशाचा’ असे दिले आहे. त्या देशात वेलचेरीही येते, याचे भान त्याला देत राहणे हे मतदाराचे काम आहे.