पोपांचा इतिहासकार



सत्तेनं माणूस बिघडतो, हे इतिहासकार लॉर्ड ॲक्टन यांचं वचन निवडणूक आली की कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून कानावर पडतंच. ते मुळात एका खासगी पत्रातलं. १८८७ साली ॲक्टननी ते पत्र लिहिलं एका इंग्रज पाद्र्याला, मँडेल क्रायटन यांना.

क्रायटन कार्लाइल गावच्या एका सुताराचे चिरंजीव. जन्म १८४३ चा. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकले, तिथेच फेलो झाले. पण १८७५ मध्ये ऑक्सफर्ड सोडून नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, एम्बलटनला धर्मगुरू म्हणून गेले. रविवारी प्रवचन, एरवी गावकऱ्यांची आजारपणं नि तंटे, आणि उरल्या वेळात रोमच्या पोपांचा इतिहास! त्याचे पहिले दोन खंड १८८२ मध्ये निघाले, मग केंब्रिजनं त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलं.

१८८६ मध्ये 'इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू' सुरू झालं, त्याचे पहिले संपादक क्रायटनच. पुढच्या वर्षी त्यांचे तिसरा-चौथा खंड आले आणि त्यांवर ॲक्टनचं परीक्षण त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं. आता गंमत पाहा. ॲक्टन कॅथलिक, क्रायटन अँग्लिकन. म्हणजे पोपांची पाठराखण करायची ती ॲक्टननी. झालं उलटंच! बोर्जिया घराण्यातल्या सहावा अलेक्झांडर या बदनाम पोपबद्दलसुद्धा क्रायटन हात राखून लिहितात. माणूस त्याच्या काळाच्या मापानं मोजावा, असं त्यांचं म्हणणं. ॲक्टन भडकले. धर्माच्या नावानं छळ करणारा पोप असला म्हणून त्याला वेगळा न्याय का?

परीक्षण चांगलंच झोंबणारं होतं. संपादकानं ते टोपलीत टाकलं असतं तर विचारणारं कोण होतं? दोघांत पत्रं गेली-आली (सुरुवातीचं ते वचन त्यांतल्याच एका पत्रातलं), ॲक्टननी थोडी धार कमी केली, आणि क्रायटननी स्वतःच्या ग्रंथावरची ती टीका स्वतःच्या नियतकालिकात छापली. वादात माझं मत ॲक्टनना; पण लेख पाठवायचा झाला तर मी क्रायटनकडेच पाठवीन.

१८९१ मध्ये ते पीटरबरोचे बिशप झाले, १८९७ मध्ये लंडनचे. त्या रामरगाड्यात इतिहास मागे पडला. पाचवा खंड १५२७ पर्यंत येऊन थांबला, आणि १९०१ च्या जानेवारीत, सत्तावन्नाव्या वर्षी क्रायटन गेले. आणि ॲक्टन? एवढा प्रकांड पंडित, पण हयातीत त्यांचा एकही मोठा ग्रंथ लिहून झाला नाही.