पटेल : एका आडनावाचा ब्रिटनमधील पसारा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका आडनावाविषयी बोलणार आहे. आडनावात शिकण्यासारखे ते काय, असे काहींच्या मनात येईल. पण शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहा. खोत, मुकादम, देशमुख, काझी, इनामदार, चौगुले, पाटील, पटेल अशी नावे एकाखाली एक दिसतील. ही आडनावे मुळात हुद्दे आहेत. कोणी गावचा सारा गोळा करीत होता, कोणी न्यायनिवाडा करीत होता, कोणी पाटलाच्या हाताखाली काम पाहत होता. काम गेले, नाव राहिले. अशा आडनावांपैकी ‘पटेल’ या एका नावाचा माग आपण थेट ब्रिटनपर्यंत काढू. ते तिथे कसे पोहोचले आणि काही ठराविक शहरांतच दाट का झाले, हे पाहिले म्हणजे शंभर वर्षांचा इतिहास व भूगोल आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ असा शब्द येतो. पट्ट म्हणजे जमिनीचा लेख, आणि तो ज्याच्याकडे असे तो गावचा प्रमुख, तो पट्टकिल. याच शब्दापासून मराठीत ‘पाटील’ झाला आणि गुजरातीत ‘पटेल’ झाला. म्हणजे पाटील आणि पटेल हे एका आईचे दोन मुलगे आहेत. एक सह्याद्रीच्या बाजूला वाढला, दुसरा नर्मदेपलीकडे. इंग्रज अधिकारी तर दोघांनाही कागदोपत्री ‘पटेल’च लिहीत. आपल्या राज्यात वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी बंद करणारा कायदा १९६२ साली झाला, त्याच्या इंग्रजी नावातही ‘पटेल’ हाच शब्द आहे.

हुद्दा हा कोणत्याही एका धर्माचा नसतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा सुपीक भाग चरोतर म्हणून ओळखला जातो. तिथले जमीनदार शेतकरी पाटीदार पटेल हे हिंदू. सरदार वल्लभभाई पटेल यांचे करमसद गाव याच भागातले. त्याच्या दक्षिणेला भरूच आणि सुरत जिल्ह्यांत शेती करणारे सुन्नी वहोरा मुसलमान आहेत. व्यापारी दाऊदी बोहऱ्यांहून हे वेगळे. यांच्यातही पटेल हे आडनाव सर्रास आढळते. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातील मुनाफ पटेल हे भरूच जिल्ह्यातील इखर गावचे. मुंबईत पारशी समाजातही पटेल आहेत. तेव्हा ‘पटेल’ एवढे ऐकून समोरचा माणूस कोणत्या धर्माचा हे सांगता येत नाही. त्याच्या कुळात कोणीतरी गावकीचा कारभार पाहिला असावा, इतकेच अनुमान काढता येते.

आता ब्रिटनकडे वळू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील भूगोलाच्या अभ्यासकांनी तिथल्या आडनावांचे नकाशे तयार केले आहेत. एक नकाशा १८८१ च्या जनगणनेवरून आणि दुसरा १९९८ च्या मतदारयाद्यांवरून. १८८१ च्या नकाशात पटेल जवळजवळ शोधूनही सापडत नाही. १९९८ च्या नकाशात मात्र हे नाव सबंध देशातील मोठ्या आडनावांच्या पंक्तीला जाऊन बसले आहे आणि लंडन परिसरात तर ते अगदी पहिल्या काही नावांत येते. हा बदल मुख्यतः १९५० ते १९८० या तीस वर्षांतला. त्याला दोन वाटा कारणीभूत झाल्या.

पहिली वाट आफ्रिकेवरून जाते. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. ते बहुतांशी पंजाबी होते आणि काम संपताच त्यांच्यातील बरेचसे परतले. पण रूळ जसे पुढे गेले तशी स्टेशनाशेजारी दुकाने निघाली, कचेऱ्यांना कारकून लागले, आणि या कामांसाठी गुजरातेतून लोक जाऊ लागले. चरोतरचे पटेल त्यांत मोठ्या संख्येने होते. जमिनीचे वाटे पडून पडून शेत लहान झाले होते, आणि घरात इंग्रजी शिकलेला एखादा मुलगा होता. आपला ‘दुकान’ शब्द त्या भागातील स्वाहिली भाषेत ‘दुका’ होऊन बसला आहे, यावरूनच या व्यापाऱ्यांचा पसारा ध्यानी यावा.

पुढे टांगानिका १९६१ साली, युगांडा १९६२ साली आणि केनिया १९६३ साली स्वतंत्र झाले. तिथल्या अनेक हिंदी कुटुंबांनी ब्रिटिश पासपोर्ट कायम ठेवले होते. केनियात परक्यांच्या व्यापारावर आणि नोकरीवर बंधने येताच ती ब्रिटनकडे निघाली. तेव्हा १९६८ साली ब्रिटिश पार्लमेंटने अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत करून त्यांच्या वाटेत अडसर घातला. हाती पासपोर्ट ब्रिटिश, पण प्रवेशाला परवाना हवा, अशी ती अवस्था होती. नंतर ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचे इदी अमीन यांनी एशियन लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. घरदार, दुकान, कापसाच्या गिरण्या, सर्व मागे टाकून लोक निघाले. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनला पोहोचली. त्यांतील पुष्कळांना प्रथम रिकाम्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले.

या वेळी एक चमत्कारिक गोष्ट घडली. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली. आमच्याकडे घरे व शाळा भरून गेल्या आहेत, तरी इकडे येऊ नका, असा तिचा आशय होता. परिणाम उलटाच झाला. आपली माणसे जिथे आहेत तिथेच माणूस जातो. लेस्टरमध्ये नातेवाईक होते, होजिअरीच्या कारखान्यांत काम होते, आणि जाहिरातीने शहराचे नाव मात्र सर्वांना ठाऊक झाले. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरच्या लोकसंख्येत सुमारे ३४ टक्के लोक भारतीय वंशाचे भरले. ज्या बेलग्रेव्ह रोड भागातील दुकानांना त्या काळी गिऱ्हाईक नव्हते, तो रस्ता आज सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी आणि दिवाळीच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे.

दुसरी वाट कापसाची आहे, आणि ती आपल्या समाजाला अधिक जवळची. भरूचच्या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईच्या बाजारात नामांकित होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि हिंदुस्थानचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांना जाऊ लागला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५० नंतरच्या काळात, त्याच गिरण्यांना माणसांचा तुटवडा पडला. मालकांनी महागडी यंत्रे आणली होती. ती दिवसरात्र चालली तरच परवडत. बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याची बंधने होती आणि स्थानिक पुरुष रात्रपाळीला तयार नसत. ती जागा भरूच-सुरतेकडील, तसेच पाकिस्तानातील माणसांनी भरून काढली. म्हणजे आधी कापूस गेला आणि शंभर वर्षांनी तो पिकविणाऱ्यांचे नातू गेले.

हे लोक प्रथम एकटेच गेले. एका घरात आठ-दहा जण राहायचे, दिवसाची पाळी असलेला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा झोपायचा. चार पैसे जमवून गावी परतायचे, असाच बहुतेकांचा विचार होता. परंतु १ जुलै १९६२ पासून ब्रिटनने प्रवेशावर निर्बंध घातले. आता गेलेला माणूस परत येऊ शकेल की नाही याची खात्री उरली नाही, म्हणून लोक तिथेच थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. दार बंद करण्यासाठी केलेल्या कायद्याने पाहुण्यांना रहिवासी बनविले.

या दोन वाटा ध्यानात ठेवल्या म्हणजे पटेलांचा नकाशा वाचणे सोपे जाते. वायव्य लंडनमधील वेम्बली व हॅरो, तसेच लेस्टर येथील पटेल बहुधा आफ्रिकेवरून आलेले, आणि अधिकतर हिंदू. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, प्रेस्टन आणि यॉर्कशायरमध्ये लोकरीचे कारखाने असलेली बॅटली, ड्यूजबरी ही गावे घेतली तर तिथले पटेल बहुधा भरूच-सुरतेहून थेट आलेले मुसलमान. बोल्टनमध्ये दोन्ही आहेत. जिथे ना गिरणी, ना कारखाना, ना वस्तीचे दुकान, अशा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हे नाव विरळ आहे. आडनावाच्या नकाशाखाली रोजगाराचा नकाशा दडलेला असतो, तो असा.

गिरण्या पुढे बंद पडल्या. १९८० नंतर लँकेशायरच्या बहुतेक चिमण्या थंड झाल्या. मग या कुटुंबांचे काय झाले? कोणी कोपऱ्यावर वर्तमानपत्रांचे व किराण्याचे दुकान टाकले. पहाटे पाचला उघडायचे आणि रात्री उशिरा बंद करायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत मुले अभ्यास करीत. त्यांतूनच औषधविक्रेते, डॉक्टर, हिशेबनीस, वकील निघाले. रात्रपाळीपासून पदवीपर्यंत एका पिढीचे अंतर पडले. ते तोडण्याचे साधन शिक्षण होते. पैसा त्यानंतर आला.

याचे उत्तम उदाहरण ब्रिटिश पार्लमेंटच्या लॉर्ड सभेत सापडते. टांझानियात जन्मलेले प्रसूतितज्ज्ञ नरेंद्र पटेल १९९९ साली त्या सभेचे सदस्य झाले आणि ‘लॉर्ड पटेल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी गुजरातेत जन्मलेले अॅडम हाफेजी पटेल सदस्य झाले. आता दोन पटेल झाले, तेव्हा त्यांना ‘ब्लॅकबर्नचे लॉर्ड पटेल’ म्हणावे लागले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. २००६ साली कमलेश पटेल आले, ते ‘ब्रॅडफर्डचे लॉर्ड पटेल’. गंमत पाहा, आपल्या कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते. तोच न्याय इंग्रजांच्या सभेने पटेलांना लावला! आणि २०१९ ते २०२२ या काळात ब्रिटनच्या गृहमंत्री होत्या प्रीती पटेल. युगांडातून आलेल्या गुजराती कुटुंबातील ही मुलगी. परदेशीयांच्या प्रवेशाचे खाते तिच्याच हाती आले.

परंतु सर्व गोडच आहे असे मी सांगणार नाही. २००९ साली ब्रिटिश सरकारच्या वतीने एक पाहणी करण्यात आली. सारखीच पात्रता असलेले नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या धाटणीच्या नावांनी पाठविण्यात आले. इंग्रजी धाटणीच्या नावाला सरासरी ९ अर्जांमागे एक अनुकूल उत्तर आले; एशियन व आफ्रिकी धाटणीच्या नावांना तेवढ्यासाठी १६ अर्ज करावे लागले. नावावरून माणूस पारखण्याची खोड तिथेही आहे आणि इथेही आहे. भाड्याने घर पाहायला गेलेल्या आपल्या बांधवांना हे सांगावे लागू नये. म्हणूनच दुसऱ्याचे नाव ऐकून आपणही घाईने निष्कर्ष काढू नये.

शेवटी पालकांना एक विनंती आणि विद्यार्थ्यांना एक काम. पालकहो, मुलाचे नाव शाळेत घालताना आडनावाचे स्पेलिंग एकदाच नीट ठरवा. जन्मदाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे झालेली मुले मी दरवर्षी पाहतो. शिष्यवृत्तीच्या किंवा पासपोर्टच्या वेळी एका अक्षरापायी त्यांचे महिनेच्या महिने जातात. आफ्रिकेतील ज्यांच्यापाशी नीट कागद होता त्यांनाच १९७२ साली लवकर वाट मिळाली, हे विसरू नका.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत आजोबा-आजींजवळ बसा आणि तीन गोष्टी वहीत लिहून आणा. आपल्या आडनावाचा अर्थ काय? आपले मूळ गाव कोणते? आणि तिथून कोण, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी बाहेर पडले? मुंबईची गोदी असो, गिरणी असो, जहाज असो किंवा आखाती देश असो, तसेच लिहा. सर्व वह्या एकत्र ठेवल्या तर आपल्याही आडनावांचा नकाशा तयार होईल. जाणती माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

पूर्वजांनी हुद्दा मिळविला, त्याचे आडनाव झाले. आता हुद्दा वारशाने येत नाही, तो प्रत्येकाने शिकून मिळवायचा आहे.