सांभाळणाऱ्या हातांची मजुरी



आजच्या विषयात ‘सेवा’ हा शब्द आहे. आम्हां युनियनवाल्यांना तो जरा खटकतो. ज्या कामाची मजुरी द्यायची नसते, त्याला बहुधा सेवा म्हणतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या एका हमालाच्या घरी आमचे जाणे-येणे आहे. त्याचा मुलगा बावीस वर्षांचा; बुद्धी लहान मुलाची, वाचा नाही. रोज जेवायच्या वेळी भिंतीवर डोके आपटी, धरायला जाईल त्याला चावे. शेजारी म्हणत, बांधून घाला. बांधीतही असत. पुढे एक बाई दिवसा सांभाळायला येऊ लागली. शिक्षण बेताचे, पण ती वहीत रोज तीन गोष्टी टिपी: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. दोन महिन्यांनी तिच्या ध्यानात आले, की तो एकाच बाजूने चावतो. दाढ किडली होती! ती काढली आणि आपटणे पुष्कळ कमी झाले. गाऱ्हाणे ऐकायला कोणी नसले की कामगारही यंत्र बंद पाडतो, आणि मालक म्हणतो, माजले आहेत. आम्हांला ही भाषा ओळखीची आहे.

पण ती बाई टिकली नाही. तासगावकडे द्राक्षबागेत मजुरी जास्त. तिच्यामागून वर्षात तिघीजणी आल्या-गेल्या. प्रत्येक वेळी माणूस नवे, वही कोरी. मुलगा पुन्हा चावू लागला.

साताऱ्यात एका सद्गृहस्थांनी आम्हांला सुचविले, अशांना गावाबाहेर एका ठिकाणी ठेवावे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना असेच ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. अपंगांना समाजातच राहण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. मात्र तो हक्क रोज सकाळी घरी येणाऱ्या बाईच्या हातून पोचतो, आणि तिला ना फंड, ना रजा.

हमालालाही एके काळी कायमचा मालक नव्हता. १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेऊन मंडळामार्फत मजुरी, फंड, औषधपाणी मिळू लागले. सांभाळणाऱ्यांसाठी तसे मंडळ का नसावे? नगरपालिका-ग्रामपंचायतींना उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी राखावे लागतातच. तीनचाकी सायकली जरूर वाटा, फोटोही काढा. पण त्यातूनच या बायांची लेव्ही भरा. मागणीचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना वाचून सह्या कराव्यात.