घाई कधी, सबुरी कधी



भोसरी ते चाकण या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला एक प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. रात्रपाळीचा कामगार, वय पंचेचाळीसच्या आसपास. दोनच्या सुमारास मशीनवर उभा असताना छातीत दडपण, डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. कँटीनचं जेवण बाधलं असेल म्हणून तो ॲसिडिटीची गोळी घेतो, शिफ्ट उरकतो, कंपनीच्या बसने घरी जातो. सकाळी नऊला बायको बळेच दवाखान्यात आणते. ईसीजीची पट्टी बाहेर येते तेव्हा सात तास उलटलेले असतात.

आता दुसरा प्रसंग. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकाच्या ट्रेडमिल टेस्टमध्ये दोष निघतो. मग अँजिओग्राफी, तिच्यात एक ब्लॉकेज. छातीत कधी दुखलेलं नाही, जिना चढताना धाप नाही. पण ‘ब्लॉकेज’ हा शब्द ऐकताच घरच्यांचे पाय लटपटतात आणि पाच मिनिटांत स्टेंटच्या कागदावर सही होते.

म्हणजे धावायचं तिथे आपण बसून राहतो आणि बसून विचार करायचा तिथे धावत सुटतो.

उपाय कमी पडतात असं नाही. 1967 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपासची पद्धत रुजवली. आपल्या देशात ती 1975 मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात झाली. 1977 मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी छाती न उघडता फुग्याने रक्तवाहिनी मोकळी केली, म्हणजेच अँजिओप्लास्टी केली. फुगवलेली वाहिनी पुन्हा आवळायची, म्हणून 1986 पासून स्टेंट आली, जिला आपल्याकडे सर्रास ‘स्प्रिंग’ म्हणतात. पुढे तिच्यावर औषधाचा लेप आला. पूर्वी जांघेतून जाणारी नळी आता बहुधा मनगटातून जाते. पैशाचं म्हणाल, तर फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. त्याआधी एकेक स्टेंट लाखाच्या वर जात असे.

स्टेंट सोपी आणि स्वस्त झाली, म्हणून ती प्रत्येकाला हवी असं मात्र ठरत नाही. ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासात 5,179 रुग्ण होते, सगळे स्थिर आजाराचे. 2020 मध्ये निष्कर्ष छापून आले. नीट औषधं घेणारे आणि औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून घेणारे, यांच्यात मृत्यू आणि हार्ट ॲटॅक यांच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. ज्यांच्या छातीत वारंवार कळ यायची, त्यांना अँजिओप्लास्टी किंवा बायपासने आराम मात्र जास्त पडला. मुख्य डाव्या वाहिनीत अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांचा हिशेब निराळा. मधुमेह आणि तीन वाहिन्यांत ब्लॉकेज असेल तर बायपास अजूनही सरस ठरते, हे 2012 च्या ‘फ्रीडम’ अभ्यासाने दाखवलं. छाती उघडायची भीती वाटते म्हणून चार-पाच स्प्रिंगा टाकून घेणाऱ्या मधुमेह्यांनी सही करण्याआधी एखाद्या हृदयशल्यविशारदाचंही मत घ्यावं. तेवढी सवड असते.

ॲटॅकमध्ये ती नसते. तिथे वाहिनी गुठळीने बंद झालेली असते आणि मिनिटागणिक स्नायू मरत असतो. दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये फुगा फुगवता येत असेल, तर सर्वांत उत्तम. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात संध्याकाळी अडकलेल्याला हे ऐकून हसू येईल, मलाही येतं. पण त्यावर उत्तर आहे: जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवायचं. शक्य असेल तर थेट अँजिओप्लास्टी बरी, तरी लवकर दिलेलं इंजेक्शन जीव वाचवतं. मात्र ते पहिल्या काही तासांतच खरं काम करतं. बारा तासांनंतर सहसा देत नाहीत.

आणि आपण पोचतो कधी? देशभरातल्या वीस हजारांवर रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत, जी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ 360 मिनिटांचा होता. सहा तास. त्यातच गरिबांना उपचार कमी मिळाले आणि तेच जास्त दगावले. आपल्या पट्ट्यात हे कंत्राटी कामगाराला लागू पडतं. कायम कामगाराला मेडिक्लेम असतो. कंत्राटी पोराला आपलं ईएसआय कार्ड कुठे आहे, हेही ठाऊक नसतं. तो हाफ डे कापला जाईल म्हणून दुखणं अंगावर काढतो. ईएसआयमध्ये आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टी, बायपास दोन्ही होतात, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

म्हणून सुपरवायझर मंडळींना माझी एक विनंती. गेटवरच्या केबिनमध्ये अग्निशमन दलाचा नंबर लिहिलेला असतो. त्याखाली 108 लिहा, आणि रात्री दोन वाजताही ईसीजी काढून इंजेक्शन देऊ शकेल अशा जवळच्या रुग्णालयाचं नाव, उद्याच फोनवर खात्री करून, लिहून ठेवा.