ऊन शिवारात, दूध डेअरीत

(शिरूर अनंतपाळ येथील मेळाव्यातील भाषण)



भाव, कर्ज, वीज सोडून आम्ही आज हाडांवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. या मांडवात कंबर धरून बसलेल्या मायबहिणी किती आहेत ते बघा, म्हणजे कळेल. अंग दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की 'डी' जीवनसत्त्वाची पुडी हातात पडते. मग आपण विचारतो, दिवसभर उन्हात राबणाऱ्याला उन्हाचं जीवनसत्त्व कमी पडतंच कसं?

आधी हे 'डी' अंगात चालतं कसं ते पाहू. कातडीत चरबीच्या जातीचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की 'डी' बनतं. पण ते कच्चं. कापूस वेचला म्हणजे कापड झालं नाही. आधी जिनिंग, मग सूत. तसं हे 'डी' यकृतात जातं, तिथे पहिली प्रक्रिया होते. रक्त तपासतात तेव्हा हाच साठ्याचा माल मोजतात. दुसरी प्रक्रिया मूत्रपिंडात. तिथून निघतं ते कामाचं 'डी'. ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम आत घ्यायला लावतं. 'डी' नसेल तर खाल्लेल्यापैकी जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के.

पण ताटात कॅल्शियमच नसेल तर? गळ्यातल्या चार लहान ग्रंथी रक्तातली घट ओळखतात आणि हाडांतून उचल सुरू होते. बियाण्याची ज्वारी दळून खाण्यातलाच हा प्रकार. शिवाय मूत्रपिंडाला कामाचं 'डी' जास्त बनवावं लागतं आणि साठ्यातलं 'डी' लवकर संपतं. तिरुपतीच्या डॉक्टरांनी २००४ साली याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हात राबणाऱ्या खेडूतांचं 'डी' शहरवाल्यांपेक्षा बरं होतं, तरी पुरेसं नव्हतं. जेवणात कॅल्शियम फार थोडं होतं.

आता आपला हिशेब मांडू. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम साधारण २८ मिलिग्रॅम. दिवसाला ४०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी ११२. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे १,००० मिलिग्रॅमची! त्यात ज्वारीतलं फायटेट आहे तेवढं कॅल्शियमही बांधून ठेवतं. ज्वारी वाईट नाही. ती एकटी पडली आहे. पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. येळवसीला आपण शिवारात बसून ताक घातलेली आंबील पितो, भज्जी खातो. ती आंबील वर्षातून एकदाच का? सोबत न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी घ्या. हे विकत आणावं लागत नाही.

उन्हाचं म्हणाल तर आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन कामाचं. काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही. कापूस वेचताना बाया डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या असतात, त्यांना उन्हात असून ऊन मिळत नाही. बाळंतीण आणि म्हातारी माणसं तर घरातच. हिवाळ्यात थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसावं. मे महिन्यात हा उद्योग करू नये.

उन्हानं 'डी' जास्त होत नाही, जादा झालेलं कातडीच मोडून टाकते. पुड्या आणि सुयांचं तसं नाही. त्या मनानं घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडतं. डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तितकेच दिवस घ्या.

शेवटी मुद्दा दुधाचा. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे दोन दिवसांच्या भाकरीपेक्षा जास्त. गाय आपल्या गोठ्यात, चारा आपल्या शेतातला, आणि दूध सगळं डेअरीत. का? सरकी पेंडीची उधारी दुधाच्या पगारातून फेडायची असते. आपण पोराच्या वाट्याचं दूध विकतो, ते आई निर्दय आहे म्हणून नव्हे. दुधाचा भाव खर्च भरून काढत नाही म्हणून.

म्हणून दुधाच्या भावाची मागणी करताना खर्चात एक ओळ आम्ही वाढवणार आहोत: घरात प्यायला ठेवायचं दूध. तोवर तुम्ही एवढं करा. उद्या धार काढल्यावर, डेअरीची किटली भरण्याआधी, घरातल्या पोरांचे आणि त्यांच्या आईचा पेला आधी भरा.