टोर्नेडोतील फिरता वारा

गडगडाटी वादळाच्या ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, उभ्या अक्षाभोवती अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ म्हणजे टोर्नेडो. समुद्रावरचे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटरच असते.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा जमिनीलगत वाहते आणि तिच्या वर जोरदार पश्चिमी वारे असतात. उंचीप्रमाणे वेग आणि दिशा बदलल्याने मधल्या हवेला आडवा पीळ बसतो. वादळात वर चढणारा प्रवाह हा पीळ उचलून उभा करतो आणि ढगाचा काही किलोमीटर रुंदीचा गाभा फिरू लागतो. अशी बहुतेक वादळे मात्र टोर्नेडो न होताच विरतात, कारण फिरणे जमिनीलगतही सुरू व्हावे लागते. त्यात ढगातून खाली उतरणाऱ्या थंड हवेचा वाटा मोठा असतो.

फिरती हवा मध्याकडे ओढली गेली की तिचा वेग वाढतो. दोरीला बांधून फिरवलेला दगड दोरी आखडताच अधिक वेगाने फिरतो, त्यामागेही कोनीय संवेग अक्षय्यतेचा हाच नियम आहे. घर्षण सोडले, तर त्रिज्या दहापट घटताच वेग दहापट होतो.

पण हवा आत येते कशी? मध्यावरचा कमी दाब तिला आत ओढतो, अपकेंद्री बल बाहेर रेटते. जमिनीपासून उंचावर ही दोन्ही बले जवळजवळ तुल्यबळ असतात आणि बाजूची हवा आत शिरू शकत नाही. या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट जमिनीलगत घडते. तिथे घर्षणाने फिरण्याचा वेग मंदावतो, अपकेंद्री बल दुबळे पडते आणि हवा थेट अक्षाजवळ घुसते. म्हणजे वाऱ्याला अडवणारे घर्षणच त्याला तीव्र करते. कमाल वेग त्यामुळे जमिनीपासून अवघ्या दहा-वीस मीटर उंचीवर, नेमका घरांच्या आसपास, आढळतो.

२४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टरजवळ टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने वायुदाबात सुमारे १०० हेक्टोपास्कलची घट नोंदवली. दाब असा कोसळला की हवा प्रसरण पावून थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात. डोळ्यांना दिसणारी सोंड ती हीच. ओक्लाहोमातील एका टोर्नेडोत ३ मे १९९९ रोजी वाहनावर बसवलेल्या रडारने वाऱ्याचा ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग मोजला.

मोठ्या टोर्नेडोत कधी कधी अनेक छोटे भोवरे मुख्य अक्षाभोवती फिरतात. त्यांचा स्वतःचा वेग मुख्य वेगात मिसळतो. एक घर जमीनदोस्त आणि शेजारचे उभे, असे का होते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातील टेत्सुया फुजिता यांनी याच भोवऱ्यांवरून केला.